दाताच्या दवाखान्यात विचारलं, “काही आजार?” आणि अण्णा म्हणाले, “काही नाही”

सांगलीची_लेक · ११ जुलै, रात्री १०:२०

गेल्या आठवड्यात आमच्याकडे जे झालं ते लिहितेय. घरात वयस्कर माणूस असेल तर कृपया पूर्ण वाचा.

अण्णा ७१ वर्षांचे. खालची डावी दाढ महिनाभर ठणकत होती. लवंग झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या झाल्या. शेवटी बुधवारी संध्याकाळी दवाखान्यात नेलं. मी खाली गाडी लावेपर्यंत अण्णा वर जाऊन बसले. केसपेपर करणाऱ्या मुलीनं विचारलं, “बीपी, शुगर, हार्टचं काही?” अण्णा म्हणाले, “काही नाही, ठणठणीत आहे.” हे मला नंतर कळलं. मी वर पोचले तोवर इंजेक्शन देऊन झालं होतं. पंधरा मिनिटांत दाढ निघाली. बोळा दाबून धरा, गरम खाऊ नका, थुंकू नका, एवढं ऐकून आम्ही घरी आलो.

रात्री अकराला आईनं उठवलं. उशीच्या अभ्र्यावर तळहाताएवढा लाल डाग. अण्णा बेसिनपाशी वाकून उभे, हातातल्या स्टीलच्या वाटीत काळपट लाल गोळे. बोळा बदलला की पाच मिनिटांत भिजायचा. कापूस संपला तसा आईनं धुतलेला पंचा फाडून घड्या करून दिल्या. एक वाजता डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तो उचलला, दवाखाना उघडला, टाके घातले, जखमेत रक्त धरणारा स्पंजसारखा तुकडा भरला आणि अर्धा तास स्वतःच्या बोटानं गॉझ दाबून बसले. तेव्हा कुठे रक्त थांबलं.

गॉझ दाबून धरलेला असतानाच त्यांनी मला विचारलं, “गोळ्या कुठल्या चालू आहेत?” मी घरी जाऊन डबा घेऊन आले. आमच्याकडे गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. त्यात पाच पट्ट्या निघाल्या: इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल (या दोन रक्त पातळ करायच्या), ॲटोरवास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), मेटफॉर्मिन (शुगरची), ॲम्लोडिपिन (बीपीची). अण्णांची अँजिओप्लास्टी गेल्या दिवाळीनंतर झाली, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची बारीक नळी) बसवला, त्याला आठ महिनेही झाले नाहीत.

डॉक्टर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “काका, मुलीनं विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?” अण्णांचं उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. तोंडात गॉझ असल्यामुळे त्यांनी ते केसपेपरच्या पाठीवर लिहून दिलं: “हार्टचं होतं, ते बरं झालं. बीपी, शुगर गोळीनं नॉर्मल आहे. नॉर्मल असताना आजार आहे असं कसं सांगू?”

पुढचं अजून वाईट. शेजारच्या काकांनी सांगितलं की रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे हे झालं, त्या बंद करा. अण्णांनी कुणाला न विचारता दोन्ही गोळ्या तीन दिवस घेतल्या नाहीत. मला कळल्यावर मी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “आत्ता, माझ्याशी बोलताबोलता त्यांना गोळी द्या.” मी फोन कानाला धरूनच गोळी दिली.

अण्णा आता बरे आहेत. पण दाताकडे जाताना नेमकं काय काय सांगायचं असतं? तुमच्या घरी असं काही झालंय का?

रानजाई · ११ जुलै, रात्री १०:४१

वाचून घाबरायलाच झालं. अण्णांना आराम पडला हे वाचून बरं वाटलं. माझ्या बाबांचंही हेच. “आजार आहे का” म्हटलं की “नाही”, आणि “गोळी चालू आहे का” म्हटलं की “ती चालूच असते”.

निर्गुडी · ११ जुलै, रात्री ११:५५

मी दाताची डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी १९ वर्षं प्रॅक्टिस करते. रानजाई, तुमच्या बाबांचे शब्द मी रोज ऐकते. म्हणून आता “काही आजार आहे का?” हा प्रश्न मी विचारायचाच सोडला. मी विचारते, “सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठल्या गोळ्या पोटात जातात?” “कधी दवाखान्यात ॲडमिट झालात का, कशासाठी?” “भाजी चिरताना बोट कापलं तर रक्त किती वेळ येतं?” “याआधी दात काढला तेव्हा काय झालं होतं?” बीपी नाही म्हणणारा माणूस “एक छोटी पांढरी गोळी आहे सकाळची” असं लगेच सांगतो.

सांगलीची_लेक, तुम्ही वर्णन केलंत तसं रक्त येणं म्हणजे इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असताना दाढ काढल्यावर होऊ शकणारी गोष्ट. आधी माहीत असतं तर त्या डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली असती, म्हणजे रक्त आलंच तर दिवसाउजेडी येतं. सुरुवातीलाच टाके घातले असते, स्पंज भरला असता, अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं असतं. ट्रॅनेक्झामिक ॲसिड हे रक्त थांबवणारं औषध गॉझला लावूनही देतात. बहुतेकांचं एवढ्यानं भागतं.

आता गोळ्या बंद करण्याबद्दल, आणि हे मी हात जोडून सांगते. एकदोन दात काढण्यासाठी या गोळ्या आपल्या मनानं थांबवू नका. दाढेतून येणारं रक्त दिसतं आणि दाबता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती दिसत नाही, तिच्यावर बोट ठेवता येत नाही, आणि तिथून थेट हार्ट अटॅक येऊ शकतो. स्टेंटनंतरच्या पहिल्या वर्षात तर फारच जपायचं. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी २००७ साली एकत्र येऊन नेमकी हीच सूचना काढली होती, कारण दाताच्या कामासाठी गोळ्या थांबवल्यामुळे लोकांचे स्टेंट बंद पडत होते. क्वचित एखादी गोळी थांबवायची वेळ येते, पण ते हृदयाचे डॉक्टर ठरवतात. मी ठरवत नाही, शेजारी तर नाहीच.

माणदेशी_वाट · १२ जुलै, सकाळी ७:३०

मला उलट बाजू मांडायची आहे. मागच्या महिन्यात आईला दाढ काढायला नेलं. ४० किलोमीटर एसटीनं, मी त्या दिवसाची मजुरी सोडून. तिथे बीपी बघितलं आणि परत पाठवलं. म्हणे १९० आहे. आई रात्रभर कळवळत होती आणि हे म्हणतात आधी बीपी कमी करून या. दाताचा आणि बीपीचा काय संबंध? गरिबाला नुसते हेलपाटे.

निर्गुडी · १२ जुलै, दुपारी २:१०

माणदेशी_वाट, तुमचा राग मला पटतो. आधी संबंध सांगते. बधिर करायच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा ॲड्रेनालिन असतं, आपल्याकडच्या नेहमीच्या बाटलीत १:८०,००० या प्रमाणात. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर टिकतं आणि रक्त कमी येतं. पण तेच हृदयाची धडधडही वाढवतं. शिवाय भीतीनं, दुखण्यानं शरीर स्वतःचं ॲड्रेनालिन सोडतं ते वेगळंच. आधीच बीपी फार चढलेलं असताना या सगळ्याची भर पडली तर मेंदूत रक्तस्राव होण्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून वरचं १८० किंवा खालचं ११० च्या पुढे असेल तर घाई नसलेलं काम आम्ही पुढे ढकलतो.

पण तुमच्या आईचं काम घाईचं होतं. दुखण्यानंच बीपी वाढलेलं असू शकतं. अशा वेळी पेशंटला शांत बसवायचं, दहा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वेदना कमी करायचं औषध द्यायचं, पू झाला असेल तर वाट करून द्यायची आणि हातात चिठ्ठी देऊन त्याच दिवशी जवळच्या फिजिशियनकडे किंवा सरकारी दवाखान्यात पाठवायचं. नुसतं “कमी करून या” म्हणून परत पाठवणं चूकच. आईला दुखण्यावर काही दिलं होतं का? आणि त्यांना आधी कधी बीपी निघालं होतं का?

माणदेशी_वाट · १२ जुलै, रात्री ८:०५

काही दिलं नव्हतं. आधी कधी तपासलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथेही १८४ निघालं. गोळी चालू झाली. तीन आठवड्यांनी दाढ काढली, तेव्हा १४२ होतं. बीपी आहे हे दाढेमुळेच कळलं, हे खरं आहे. पण ती पहिली रात्र आईनं कशी काढली ते मी विसरणार नाही.

निर्गुडी · १२ जुलै, रात्री ८:३०

विसरूही नका. आम्हा डॉक्टरांनी हे ऐकायलाच हवं.

बकुळ_ओंजळ · १२ जुलै, रात्री ९:१५

माझा अनुभव शुगरचा. वय ३८. घासताना हिरड्यांतून रक्त यायचं, पुढचे दोन दात हलायला लागले, तोंडाला वास. मला वाटलं, कॅल्शियम कमी झालंय. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, एक्स-रे काढला आणि दाताला हात लावायच्या आधी एचबीए१सी करायला सांगितलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी त्यात कळते. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. माझं ११.२ आलं. घरात कुणालाच मधुमेह नाही, मी जाडही नाही.

हिरड्यांचा आणि साखरेचा संबंध दोन्ही बाजूंनी असतो, हे मला तेव्हा कळलं. साखर वाढली की हिरडीतला संसर्ग हटत नाही, हाडही झिजतं. आणि हिरडीत सतत सूज-पू राहिला की साखर आटोक्यात यायला त्रास देते. हिरड्यांची खोल सफाई झाल्यावर साखरही थोडी उतरते, मोजता येईल इतकी. माझे दोन्ही दात वाचले. आता दाताची वेळ नेहमी सकाळची घेते. नाश्ता करून, गोळी घेऊन जाते. एकदा घाईत गोळी घेऊन उपाशीच गेले होते, खुर्चीत घाम फुटून हात थरथरायला लागले. तिथल्या ताईंनी ताबडतोब ग्लुकोजचं पाणी पाजलं. ज्यांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन आहे त्यांनी उपाशीपोटी दाताकडे कधीच जाऊ नये.

पारगड · १२ जुलै, रात्री ११:०२

वडिलांचं लिहितो. खालच्या जबड्यात डावीकडे दुखायचं. दोन महिन्यांत दोनदा दाताकडे नेलं. पहिल्या ठिकाणी एक दाढ भरून दिली. दुखणं तसंच. दुसऱ्या डॉक्टरांनी एकेक दात ठोकून पाहिला, गार पाणी लावून पाहिलं, एक्स-रे काढला. एकही दात दुखेना. मग विचारलं, “कधी दुखतं?” वडील म्हणाले, “विहिरीवरून घागर घेऊन चढण चढलो की. ओट्यावर टेकलो की राहतं.” डॉक्टरांनी हातातलं सामान खाली ठेवलं आणि आम्हाला तिथूनच ईसीजीला धाडलं. तीन रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज निघालं, बायपास झालं.

छातीत एकदाही दुखलं नव्हतं. चालल्यावर, चढल्यावर जबडा दुखत असेल आणि बसल्यावर थांबत असेल, तर ते दाताचं नसून हृदयाचं असू शकतं. हे घरोघरी माहीत हवं.

रानजाई · १२ जुलै, रात्री ११:२०

पारगड, अंगावर काटा आला.

टाकळी_नाका · १३ जुलै, सकाळी १०:४०

मी स्टाफ नर्स आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मी म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) वॉर्डात ड्यूटी केली. धागा वाचून ते दिवस पुन्हा डोळ्यांपुढे आले.

कितीतरी पेशंट आधी दाताच्या डॉक्टरांकडे गेलेले असायचे. वरचे दात अचानक एका ओळीनं हलायला लागलेले, हिरडीतून जागोजागी पू, गाल बधिर, टाळूवर काळा चट्टा. कोविडमध्ये स्टिरॉइड मिळालेलं आणि साखर चारशेच्या घरात. कुणाला मधुमेह आहे हेच माहीत नव्हतं, कुणाचा कोविडमध्ये पहिल्यांदा निघाला. ज्यांना दातवाल्यांनी “दात काढून काही होणार नाही, आधी सीटी स्कॅन करा” म्हणून तातडीनं पाठवलं, ते लवकर पोचले. ज्यांचे दात नुसते काढून टाकले त्यांची बुरशी तोवर डोळ्याकडे सरकलेली असायची. ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. मे महिन्यात केंद्रानं राज्यांना हा आजार नोंदणी बंधनकारक करायला सांगितलं. तोवर आमचा वॉर्ड भरला होता.

माझ्या वॉर्डात एक शिक्षक होते. वरचा जबडा अर्धा काढावा लागला. पाणी प्यायले की नाकातून यायचं. पुढे दंतविभागानं त्यांना टाळूची कवळीसारखी पट्टी करून दिली. ती बसवल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी प्यायलं, ग्लास खाली ठेवला आणि मोठ्यानं स्वतःचं नाव उच्चारलं. ते स्पष्ट आलं. आम्ही सगळ्या सिस्टर तिथेच रडलो.

लेस्टरची_सई · १३ जुलै, दुपारी ४:२५

इकडे इंग्लंडात दरवेळी तपासणीला गेलं की आजारांचा नि औषधांचा फॉर्म भरून सही करावी लागते. आधी कंटाळा यायचा. आता वाटतं, बरंच आहे. सहा महिन्यांत माणसाच्या गोळ्या बदललेल्या असतात.

एक प्रश्न आहे. पुण्यात आईला हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाईनमधून औषध देतात. तिला दोन दात काढायचे आहेत. तिनं तिथल्या दाताच्या डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. “हाडाचं औषध आहे, दाताशी काय?” असं म्हणते. सांगायला हवं का?

निर्गुडी · १३ जुलै, रात्री ९:५०

सई, आजच फोन करून सांगायला लावा. ते बहुतेक झोलेड्रोनिक ॲसिड असणार. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी आणि सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन यांचंही तसंच. ही औषधं हाड झिजू देत नाहीत, पण त्यामुळे जबड्याच्या हाडाची दुरुस्तीही मंदावते. दात काढल्यावर क्वचित कुणाची जखम भरतच नाही, आतलं हाड उघडं पडतं. २००३ साली अमेरिकेतले जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी हे पहिल्यांदा लक्षात आणून दिलं.

घाबरू नका. ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत हे फार कमी होतं. कॅन्सर हाडात पसरला म्हणून मोठे डोस घेणाऱ्यांना धोका बराच जास्त. पण डॉक्टरांना माहीत असलं तर ते दात काढण्याऐवजी रूट कॅनल करून वाचवता येतो का ते आधी बघतील, काढावाच लागला तर हाड कमीत कमी दुखावतील आणि जखम पूर्ण भरेपर्यंत बोलावत राहतील. आणि आईला औषध स्वतःहून बंद करू देऊ नका. डेनोसुमॅब तर उशिरा घेतलं तरी मणके पिचकायचा धोका असतो.

हे औषध सुरू करायच्या आधीच दात दाखवून घ्यायचे, हे सगळ्यात उत्तम. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन देण्याआधीही तसंच. मिश्री-तंबाखूपायी असे पेशंट आपल्याकडे खूप. खराब दात रेडिएशनच्या निदान दोन-तीन आठवडे आधी काढून जखम भरू द्यावी लागते. नंतर काढले तर हाड सडू शकतं, आणि तो धोका पुढे आयुष्यभर राहतो.

पुनवडीकर · १४ जुलै, सकाळी ९:०५

माझी हृदयाची झडप बदललेली आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात झडप गेली. मेकॅनिकल बसवली आहे, रोज ॲसिट्रॉम (रक्त गोठू न देणारी गोळी) घेतो.

माझ्यासारख्यांना दाताचं काम म्हणजे दुहेरी काळजी. एक, रक्त. दात काढायच्या आधी ताजी आयएनआर चाचणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी), शक्यतो २४ तासांतली. दोन, तोंडातले जंतू. हिरडीला धक्का लागला की ते रक्तात जातात. धडधाकट माणसाचं शरीर त्यांना संपवतं, पण कृत्रिम झडपेवर ते घर करतात. म्हणून दात काढायच्या किंवा हिरड्या साफ करायच्या आधी अर्धा ते एक तास ॲमॉक्सिसिलिनचे दोन ग्रॅम एकदम घ्यायचे. हे सगळ्या हृदयरोग्यांसाठी नाही. अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशननं २००७ मध्ये यादी लहान केली: कृत्रिम झडप, आधी झडपेला संसर्ग झालेला, जन्मजात हृदयरोगांपैकी काही, आणि हृदय प्रत्यारोपणानंतर झडप बिघडलेले. अण्णांसारखा नुसता स्टेंट असेल तर लागत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांना पूर्वी क्लिंडामायसिन देत, २०२१ पासून त्यांनी तेही नको म्हटलंय. ज्याचं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावं.

पण मी पडलो ते वेगळ्याच खड्ड्यात. दाढ सुजली म्हणून मेडिकलमधून “दाताचं पाकीट” आणलं. ते लोक असंच म्हणतात, तीन-चार प्रकारच्या गोळ्या एका पुडीत. त्यात मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक होतं. ते ॲसिट्रॉमचा परिणाम वाढवतं, हे मला माहीत नव्हतं, दुकानदारानंही विचारलं नाही. पाचव्या दिवशी नाक वाहायला लागलं, लघवी लाल झाली. आयएनआर ७ च्या वर. तीन दिवस ॲडमिट होतो. दाढ तशीच राहिली होती.

नवा_सदस्य_०४ · १४ जुलै, रात्री ११:४८

हे लिहिण्यासाठीच नवीन आयडी घेतला. मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, अकरा वर्षं औषध चालू, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) तपासणीत सापडत नाही इतका कमी. आधी मी खरं सांगायचो. एका दवाखान्यात सांगितल्यावर “आमच्याकडे मशीन बंद आहे” म्हणाले. दुसरीकडे शेवटचा नंबर दिला आणि रिसेप्शनवरच्या बाईनं सगळ्यांसमोर फाईलवर लाल पेनानं लिहिलं. त्यानंतर मी सांगणं बंद केलं. तुम्ही सगळे म्हणता सांगा, सांगा. सांगितल्यावर काय होतं ते आमच्याकडून ऐका.

निर्गुडी · १५ जुलै, पहाटे १२:३५

तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमच्याशी जे वागले त्याची मला शरम वाटते.

प्रत्येक पेशंटला एचआयव्ही, हिपॅटायटिस असू शकतो असं धरूनच आम्ही हातमोजे, मास्क, निर्जंतुक हत्यारं वापरायची असतात. कित्येकांना स्वतःलाही माहीत नसतं, त्यामुळे सांगणाऱ्यासाठी वेगळी तयारी करायचं कारणच नाही. लाल शेरा नाही, शेवटचा नंबर नाही. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा भेदभाव आहे, आणि त्याविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात असा भेदभाव करायला मनाई आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय ही माहिती कुणाला सांगायलाही.

मला ते कळून हवं असतं ते तुमच्यासाठी. तुमची काही औषधं आमच्या औषधांशी जुळत नाहीत. तोंडातला पांढरा बुरशीचा थर, बरा न होणारा व्रण मी मग वेगळ्या नजरेनं बघते. पण ते रिसेप्शनवर सांगायचं काही कारण नाही. आत आल्यावर, दार लावून, फक्त डॉक्टरांना. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रावर विचारा, नीट वागणारे दातवाले कोण ते त्यांना बहुधा ठाऊक असतं.

नवा_सदस्य_०४ · १५ जुलै, सकाळी ६:२०

विचारतो. खालची दाढ सहा महिने दुखतेय.

वैनगंगा · १५ जुलै, दुपारी १:१५

आमच्याकडे गडचिरोलीत सिकलसेल (लाल रक्तपेशी वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) आहे, तेही सांगून ठेवावं. जबड्यात कळ आली म्हणून दातवाल्याकडे जातात आणि दात निकोप निघतो, अशीही गत होते, कारण सिकलसेलची कळ जबड्याच्या हाडातही येते. उलट दाताचा पू अंगावर काढला तर त्यानंच क्रायसिस, म्हणजे सिकलसेलच्या वेदनांचा झटका येतो. भरपूर पाणी पिऊन जा, सिकलसेलचं कार्ड सोबत न्या.

आणि आता पावसाळा. ताप आहे, अंग मोडून आलंय आणि हिरड्यांतून रक्त येतंय, तर आधी डेंग्यूची तपासणी आणि प्लेटलेट. दाताकडे नंतर. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉलच.

सांगलीची_लेक · १९ जुलै, रात्री ९:३०

आज अण्णांना टाके काढायला नेलं.

मी एका पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर लिहून दिलं होतं: अँजिओप्लास्टीचा महिना, पाचही गोळ्या डोससकट, हृदयाच्या डॉक्टरांचा फोन, शेवटची एचबीए१सी. अण्णांनी तो शर्टाच्या खिशात चष्म्यामागे ठेवला. पण केसपेपरवाल्या मुलीनं विचारलं तेव्हा खिशाला हातही लावला नाही. सगळं तोंडपाठ सांगितलं. ॲटोरवास्टॅटिनपाशी जरा अडखळले तेवढंच.

डॉक्टरांनी जखम बघितली, चांगली भरतेय. मग आरसा देऊन अण्णांना त्यांच्याच खालच्या पुढच्या हिरड्या दाखवल्या. दातांच्या मधोमध फुगून वर आलेल्या, मण्यांसारख्या. आम्हाला वाटायचं, वयानं आल्या असतील. ते म्हणाले, ॲम्लोडिपिननं काही जणांना असं होतं, फिट्सच्या फेनिटॉइननंही होतं. फिजिशियनना चिठ्ठी दिली आहे, दुसरी गोळी देता येते का ते ते बघतील. तोवर हीच चालू ठेवायची. अण्णांनी दोनदा विचारून घेतलं, “म्हणजे बंद करायची नाही ना?”

रानजाई · १९ जुलै, रात्री ९:५२

किती बरं वाटलं वाचून. मी पण कागद करायला घेतला. एक शंका आहे. सासूबाई गुडघ्यांसाठी दर महिन्याला एका ठिकाणाहून पुड्या आणतात. वर काही लिहिलेलं नसतं. घेतलं की दोन दिवसांत चालायला लागतात. ते औषधात धरायचं का?

निर्गुडी · १९ जुलै, रात्री १०:१५

नक्की धरा. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये कित्येकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा गोल झालाय का? हातावर जरा धक्का लागला तरी काळंनिळं पडतं का? वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, मग दात काढण्याचा ताण किंवा नंतरचा संसर्ग झेपत नाही, बीपी एकदम पडू शकतं. एकदम बंदही करू नका, त्यानंही तेच होतं. पुडी घेऊन आधी फिजिशियनकडे जा. दाताची तारीख ठरली आहे का?

रानजाई · १९ जुलै, रात्री १०:२१

परवाची आहे. चेहरा गोल झालाय हो, आम्ही म्हणत होतो तब्येत सुधारली. परवाची तारीख पुढे ढकलते आणि उद्या सकाळी पुडी घेऊन फिजिशियनकडे नेते.